पेपरलेस-एनजीएक्स : शाळेच्या दप्तरखान्यातून एक परीक्षण

छोट्या संस्थांनी कागदपत्रे सांभाळण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, असे मला कुणी विचारले तर मी आता बिनदिक्कत पेपरलेस-एनजीएक्सचे नाव सांगते. त्यासोबत एक अटही सांगते. कोणता कागद किती वर्षे ठेवायचा हे ज्या संस्थेने ठरवलेले नाही, तिने ते बसवू नये. हे परीक्षण बरेचसे त्या अटीबद्दलच आहे.

माझी नोकरी जिल्हा परिषदेत झाली, आस्थापना आणि नंतर अभिलेख कक्षात. निवृत्तीनंतर गावातल्या एका जुन्या शिक्षणसंस्थेचे दप्तर पाहते. एक माध्यमिक शाळा, तिला जोडलेले कनिष्ठ महाविद्यालय आणि संस्थेचे कार्यालय, असा पसारा. आधी एका एजन्सीकडून सगळे स्कॅन करून घेतलेले होते. पानामागे पैसे मोजले आणि हातात डीव्हीडी आल्या. त्यात फायलींची नावे होती स्कॅन शून्य शून्य एक, स्कॅन शून्य शून्य दोन. कोणती फाइल कशाची, याची यादी नव्हती. दाखल्याची प्रत मागायला माजी विद्यार्थी आला की पुन्हा कपाटच उघडायचे. माहिती साठवली म्हणजे सांभाळली गेली, हा समज तिथेच संपला.

पेपरलेस-एनजीएक्स हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे, परवान्याचे पैसे नाहीत. डॅनियल क्विन यांनी ‘पेपरलेस’ सुरू केले, योनास विंकलर यांनी त्याचे ‘पेपरलेस-एनजी’ केले आणि २०२२ पासून स्वयंसेवकांचा एक गट ‘एनजीएक्स’ या नावाने ते पुढे नेतो आहे. हा इतिहास मी मुद्दाम सांगते. ते चालवणारा माणूस दोनदा बाजूला झाला, तरी काम थांबले नाही. आपण जे कागद तीस वर्षे ठेवणार, ते ज्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवायचे त्याचे काय होईल हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवा. त्याचे इथले उत्तर मला पटले: फायली साध्या फोल्डरमध्ये, आपण ठरवू त्या नावाने, साध्या पीडीएफ म्हणून पडून असतात. उद्या सॉफ्टवेअर बंद पडले तरी ‘१९८७ / सेवापुस्तक’ असा फोल्डर उघडून कागद सापडेल. विकत मिळणाऱ्या कित्येक प्रणालींत ही सोय नसते.

बसवण्याआधी आम्ही वर्गवारी केली. सरकारी कार्यालयात काम केलेल्या कुणालाही अ, ब, क, ड नवे नाही. अ म्हणजे कायम, ब म्हणजे तीस वर्षे, क-१ दहा, क पाच आणि ड एक वर्ष. लाल कापडात अ, हिरव्यात ब, पिवळ्यात क, पांढऱ्यात ड. टेबलावरच्या कामासाठी सहा गठ्ठे: प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते. कागद टेबलावर येतो तेव्हाच तो कुठून कुठे जाणार आणि कधी संपणार हे त्यात ठरलेले असते. शेवटचा गठ्ठा ‘नष्ट करायचे’ हा आहे, आणि तो पहिल्या दिवसापासून टेबलावर असतो.

शाळेला ही वर्गवारी जशीच्या तशी लागत नाही. जनरल रजिस्टर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची नोंदवही, कायमचे, यात वाद नाही. सेवापुस्तके, मान्यतेचे आदेश, जागेची कागदपत्रे, कार्यकारिणीची इतिवृत्ते हेही आम्ही कायम ठेवले. हिशेबाच्या कागदांना आम्ही आयकराचा २०२२ चा नियम लावला. त्यानुसार धर्मादाय संस्थांनी ते संबंधित आकारणी वर्ष संपल्यापासून दहा वर्षे ठेवायचे होते. बाकी हजेरीपत्रके, फीच्या पावत्यांची स्थळप्रत, सहलींची संमतिपत्रे, रजेचे अर्ज, नाश्त्याची बिले अशा एकेका प्रकारावर बसून मुदती ठरवल्या आणि कार्यकारिणीत ठराव करून घेतला. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते कुठलेच सॉफ्टवेअर करून देणार नाही. ठराव हातात आल्यावर पेपरलेसमध्ये दस्तऐवजाचे प्रकार तयार करायला एक दुपार पुरली.

कायम ठेवायच्या कागदांबद्दल एक गोष्ट शाळांनी ध्यानात घ्यावी. जात प्रमाणपत्राच्या पडताळणीत अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांआधीचा पुरावा पाहिला जातो. असा पुरावा बहुतेक घरांत नसतो. तो असतो प्राथमिक किंवा माध्यमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात, आजोबांच्या नावासमोर. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा तहसील आणि शाळांची दप्तरे उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांची मागणी वाढली. साठ-सत्तर वर्षांपूर्वी कुण्या कारकुनाने बोरूने लिहिलेल्या एका ओळीवर आज एखाद्या मुलीचा अभियांत्रिकीचा प्रवेश टिकतो. ज्या शाळेने ते रजिस्टर वाळवीला जाऊ दिले, तिने त्या मुलीचे नुकसान केले. मी हे ठामपणे म्हणते.

आता प्रत्यक्ष वापराकडे. स्कॅनर एका ठरलेल्या फोल्डरमध्ये फाइल टाकतो, पेपरलेस ती उचलतो, अक्षरे ओळखतो, मूळ फाइल तशीच ठेवतो आणि शेजारी पीडीएफ-ए या दीर्घकाळ टिकण्यासाठी बनवलेल्या प्रकारात दुसरी प्रत करतो. तीच फाइल दुसऱ्यांदा टाकली तर ओळखतो. ईमेलवर आलेली पत्रे परस्पर आत घेण्याचीही सोय आहे. शिक्षण विभागाची बरीच पत्रे आता मेलवरच येतात, त्यामुळे ती छापून फाइलला लावायची आणि मग परत स्कॅन करायची ही उलटी कसरत बंद झाली. प्रत्येक कागदाला प्रेषक, प्रकार, टॅग आणि दिनांक देता येतो.

मला सर्वांत आवडलेली सोय म्हणजे अभिलेख क्रमांक. कागदावर क्रमांकाची चिठ्ठी लावायची, तोच क्रमांक पडद्यावर. चिठ्ठीवर बारकोड छापला तर स्कॅन करताना क्रमांक आपोआप घेतला जातो. मग कागद विषयवार लावण्याची गरजच राहत नाही. क्रमाने बॉक्समध्ये ठेवले की झाले. आमच्या शिपाई मावशींना संगणक उघडावा लागत नाही. त्यांना क्रमांक सांगितला की त्या बॉक्स काढून आणतात. अभिलेख कक्षातला माणूस सुट्टीवर गेला की कक्षच बंद, ही अवस्था मी नोकरीत पाहिली आहे. इथे ती येत नाही.

मराठीबद्दल सविस्तर सांगायला हवे, कारण इंग्रजी परीक्षणांत ते कुठेच मिळत नाही. अक्षरओळख टेसरॅक्ट या इंजिनावर चालते. मराठीचा संच मुळात बसवलेला येत नाही, सेटिंगमध्ये मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा लिहून तो मागवावा लागतो. तीनशे डीपीआयवर स्वच्छ स्कॅन केलेला छापील मराठी मजकूर तो चांगला वाचतो. जोडाक्षरे, रफार आणि चक्रमुद्रित प्रतींवरची पुसट अक्षरे यांत चुका होतात. हस्तलिखित वाचता येत नाही, मोडीचा तर प्रश्नच नाही. म्हणजे जनरल रजिस्टर, जे आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे, तेच त्याला वाचता येत नाही. आम्ही रजिस्टरच्या प्रत्येक पानाला स्वतंत्र रकाने केले: पहिला नोंदणी क्रमांक, शेवटचा क्रमांक, वर्ष. माजी विद्यार्थ्याच्या जुन्या दाखल्यावर रजिस्टर क्रमांक असतोच, त्यावरून पान लगेच उघडते. नावांची यादी हाताने भरण्याचे काम अकरावीची मुले आणि दोन निवृत्त शिक्षिका मिळून करत आहेत. तसेच रजिस्टर पाने सरकवणाऱ्या स्कॅनरमधून काढू नका. जुनी शिवण उसवते, कडा तुटतात. वरून फोटो घेणारा स्कॅनर वापरा, नसेल तर खिडकीजवळ सपाट टेबलावर फोनने नीट फोटो काढा.

दुसरी अडचण जुन्या फॉन्टची. युनिकोड रुळण्याआधी आमच्या कार्यालयातली पत्रे श्रीलिपी आणि कृतिदेवमध्ये टाइप होत. त्यांच्या पीडीएफ दिसायला मराठी, पण आतला मजकूर इंग्रजी अक्षरांचा कचरा. पेपरलेसला फाइलमध्ये मजकूर आधीच आहे असे वाटते, मग तो अक्षरओळख करत नाही आणि तो कचराच शोधासाठी घेतो. पत्र समोर दिसते आहे, पण त्यातला एकही शब्द शोधात सापडत नाही, असे झाले तर कारण हेच. उपाय आहे: अशा फायलींसाठी अक्षरओळख सक्तीने करण्याचा पर्याय निवडायचा. आमच्या संगणकाच्या सरांनी हे शोधून काढले आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटापासूनची सगळी पत्रे एकदम सापडू लागली.

शोधाचेही तसेच. प्रगत शोधात मराठी शब्द टाकला की नेमक्या कागदासोबत असंबद्ध कागदांची रांग येते. त्याऐवजी ‘शीर्षक आणि मजकूर’ ही साधी गाळणी निवडली तर जसा शब्द तसाच शोधला जातो. मी तीच वापरते. प्रेषक आणि प्रकार आपोआप ओळखण्याची सोय इंग्रजी बिलांवर छान चालते, मराठी पत्रांवर मला भरवसा वाटला नाही. तिथे आम्ही ठरावीक शब्दांचे नियम लिहिले आहेत: मजकुरात ‘वेतनेतर अनुदान’ आले की अमुक टॅग. ते काम चोख होते. पडद्यावरची भाषा इंग्रजीच ठेवावी लागली, पण टॅग आणि प्रकार सगळे मराठीत असल्याने लिपिकांना अडले नाही.

कागद चालू असण्याच्या काळात काय होते? इथे पेपरलेसची मर्यादा स्पष्ट आहे. ते टिपणी फिरवण्याचे साधन नाही. लिपिकाने मांडायचे, पर्यवेक्षकाने शेरा द्यायचा, मुख्याध्यापकांनी मान्यता द्यायची, ही वाट त्यात नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ई-ऑफिस ज्यांनी सरकारी कार्यालयात पाहिले आहे, त्यांनी तशी अपेक्षा ठेवू नये. आमच्याकडे प्रकरण निकाली निघाल्यावरच ते पेपरलेसमध्ये जाते. तोवर टेबलावरचे सहा गठ्ठे आहेतच. कुणी काय पाहावे याची परवानगी मात्र कागदागणिक देता येते. शिक्षकांची गोपनीय कागदपत्रे फक्त मुख्याध्यापक आणि मला दिसतात. कुणी काय बदलले याचा इतिहासही राहतो.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज आला की याचा उपयोग कळतो. २००५ च्या कायद्याचे कलम ४ पहिल्याच उपकलमात सांगते की अभिलेख सूचीबद्ध आणि अनुक्रमणिका करून ठेवा. अनुदानित शाळांना हे टाळता येत नाही. पूर्वी अर्ज आला की कार्यालयात चिडचिड व्हायची. आता टॅग निवडून यादी काढतो, पाने मोजतो, शुल्क कळवतो.

आता शेवटच्या गठ्ठ्याविषयी, म्हणजे कागद संपण्याविषयी. मी या सॉफ्टवेअरला पूर्ण गुण देत नाही ते इथेच. आमच्याकडच्या आवृत्तीत मुदतींचे वेळापत्रक म्हणून वेगळे काही नाही. ‘क वर्ग, पाच वर्षे’ असे सांगितले आणि त्याने तारीख मोजून ठेवली, असे होत नाही. आम्ही ‘पुनर्विलोकन दिनांक’ असा स्वतंत्र रकाना केला आणि नियोजित वर्कफ्लो, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारा नियम, लावला. ती तारीख आली की कागदावर ‘नष्ट करण्यास पात्र’ असा टॅग बसतो. पुढचे माणसाने करायचे. मला ते तसेच हवे आहे. टॅग लागलेल्या कागदांची यादी निघते, मुख्याध्यापक आणि कार्यकारिणीचा एक सदस्य ती वाचतात, न्यायालयीन प्रकरण, लेखापरीक्षणाचा प्रलंबित आक्षेप किंवा माहिती अधिकाराचे अपील चालू असलेले कागद बाजूला काढतात. मग सही, मग कागद बारीक कापून, मग पडद्यावरून काढून टाकणे. नष्ट केलेल्या अभिलेखांची नोंदवही आम्ही कागदावरच ठेवली आहे आणि ती अ वर्गात.

पडद्यावरून काढलेला कागद लगेच जात नाही. तो कचरापेटीत जातो आणि मूळ सेटिंगप्रमाणे तीस दिवस तिथे राहतो. चुकून गेलेला परत आणता येतो, ही सोय चांगली. पण बॅकअपचे काय? दर महिन्याच्या बॅकअप डिस्कवर तोच कागद तसाच बसलेला असतो. म्हणून आम्ही बॅकअपच्याही मुदती ठरवल्या, एका वर्षाहून जुनी डिस्क पुसून परत वापरायची. हा मुद्दा बॅकअप विकणारे कुणी सांगत नाहीत, आणि विद्यार्थ्यांच्या माहितीच्या बाबतीत तो गंभीर आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखच असा आहे की ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपले आणि ठेवण्याची कायदेशीर गरज उरली नाही, की ती पुसावी. सहलीसाठी घेतलेले मुलांचे वैद्यकीय तपशील दहा वर्षांनी कार्यालयात सापडणे बरे नव्हे. आधार कार्डांच्या झेरॉक्स आम्ही स्कॅन करतच नाही. पेपरलेस फायली कुलूपबंद करून, म्हणजे सांकेतिक रूपात ठेवत नाही. संगणक ज्याच्या हाती, फायली त्याच्या हाती. म्हणून आमचा सर्व्हर इंटरनेटवर उघडा नाही, शाळेच्या आतल्या जाळ्यावरच चालतो आणि त्याच्या डिस्कला वेगळे सांकेतिक कुलूप लावले आहे.

उलट टोकाला, स्कॅन झाला म्हणून मूळ कागद फाडणाऱ्यांनाही सांगायचे आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुराव्यात द्यायचा तर त्यासोबत प्रमाणपत्र लागते. सहीचा, शिक्क्याचा, शाईचा वाद उभा राहिला तर मूळ कागदच बघितला जातो. अ वर्गातला एकही कागद आम्ही स्कॅननंतर काढलेला नाही. सुती कापडात बांधून, लोखंडी मांडणीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवले आहेत. जागा वाचली ती क आणि ड वर्गाच्या कागदांमुळे. ते स्कॅन केले म्हणून वाचली नाही, वेळेवर काढून टाकले म्हणून वाचली. ड वर्गातले तर स्कॅन करण्याच्याही लायकीचे नव्हते. एजन्सीने पैसे घेऊन त्या डीव्हीडींवर टाकलेल्या पानांत हेच अर्ध्याहून जास्त होते.

बॅकअपबद्दल माझा आग्रह जरा जास्त आहे. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा मी नोकरीत होते. त्यानंतर कित्येक प्रकरणांत मुंबईहून ‘आपल्याकडील प्रत पाठवा’ अशी विचारणा खाली येत राहिली, आणि ज्या कार्यालयाचे दप्तर नीट होते तिथूनच प्रत गेली. पेपरलेसमध्ये निर्यातीची सोय आहे: सगळ्या फायली आणि त्यांचे टॅग, दिनांक, क्रमांक यांची माहिती एकत्र बाहेर काढता येते. एक डिस्क शाळेत, एक संस्थेच्या अध्यक्षांच्या घरी, गावाच्या दुसऱ्या टोकाला. वर्षातून एकदा दुसऱ्या संगणकावर ती परत चढवून बघतो. न तपासलेल्या बॅकअपवर मी विसंबत नाही.

कुणी घ्यावे? ज्या संस्थेत लिनक्स (संगणकाची मुक्त प्रणाली) आणि डॉकर (असे सॉफ्टवेअर बसवून चालवण्याचे साधन) सांभाळू शकणारा निदान एक माणूस आहे आणि तो सोडून गेला तर दुसरा शिकू शकेल अशी व्यवस्था आहे, तिने. आमच्या सरांनी बसवण्याच्या सगळ्या पायऱ्या मराठीत एका वहीत लिहून ठेवल्या, ती वही कार्यालयात आहे. जुना, आठ जीबी रॅमचा संगणक पुरतो. खरा खर्च स्कॅनरचा आणि माणसांच्या वेळेचा. गृहनिर्माण संस्था, ग्रंथालये, छोट्या पतसंस्था यांनाही चालेल, पण पतसंस्थेने आधी आपल्या लेखापरीक्षकांना विचारावे. शेकडो कर्मचारी आणि टिपणीचा रोजचा प्रवास असलेल्या कार्यालयाने हे घेऊ नये. त्यांचे काम वेगळे आहे. जिथे मुदतींचा ठराव झालेला नाही तिथे स्कॅनर विकत घेण्याआधी कार्यकारिणीची सभा बोलवा, विषयपत्रिकेत तो एकच विषय ठेवा आणि अ वर्गाच्या यादीपासून सुरुवात करा.